रुमालाखाली

उकंडराव पातोडे भाव तोंडानं सांगत नसत.
खांद्यावरचा रुमाल दोन हातांवर पडायचा
आणि आत बोटं बोलायची.
एक बोट धरलं तर हजार, मूठ आवळली तर पाच,
अंगठा दाबला की त्यातले निम्मे कमी.
बाहेर नुसते चेहरे, सुपारी चघळणारे,
आणि शेपटीनं माश्या हाकलणारा बैल.
कुणाला किती मिळाले, कुणी मध्ये किती खाल्ले,
कुणाची अडचण किती खोल,
सगळं त्या हातभर कापडाखाली झाकून राहायचं.
दलाली तिथंच. लबाडी तिथंच. अब्रूही तिथंच.

मी त्याच बाजारात, कडुनिंबाखाली, छत्री लावून बसतो.
काच बदलून मिळेल. रिचार्ज. सिम.
ग्रुप मीच काढला, 'बैलबाजार मंगळवार',
चारशे सत्त्याऐंशी माणसं, दारव्ह्यापासून मानोऱ्यापर्यंत.
फोटो टाका, दात दिसू द्या, भाव लिहा.
खोटं कशाला बोलू, चांगलं झालं.
बोरीची शेवंताबाई, जिला बाजाराच्या फाटकाआत
कुणी कधी उभं राहू दिलं नव्हतं,
तिनं चुलीपुढं बसून गोऱ्ह्यांची जोडी विकली,
उकंडरावांनी सांगितलं त्यापेक्षा चार हजार जास्त.
उकंडराव हसले. "बरं झालं बाप्पा," म्हणाले,
आणि रुमालानं मान पुसली.
त्या दिवशी रुमालाला तेवढंच काम होतं.

मग तो व्हिडिओ आला.
आधी कुणी टाकला, सापडलं नाही;
मी वर वर सरकवत गेलो आणि थकलो.
आरडाओरडा, धूर, एक गाय, पळणारी माणसं.
मी मागची झाडं पाहिली. नारळाची होती.
आमच्याकडे पळस, साग, बोरी-बाभळी.
नारळ आमच्याकडे देवळापुढं फुटतो, उगवत नाही.
"झाडं बघा",
एवढंच लिहिणार होतो ग्रुपवर.
लिहिलं. पुसलं. तेवढ्यात चार्जरचं गिऱ्हाईक आलं.
पुढच्या मंगळवारी हबीबभाईंचा खुंटा रिकामा.
त्याच्या पुढच्याही.
तीस वर्षांच्या दोरानं त्या खुंट्याला कंबर पडली आहे.
तिथं आता कुणीतरी मोटारसायकल लावतं.

निवडणूक लागली तेव्हा एक पोरगा आला,
पांढरे बूट, बोलायला सभ्य, कुठल्याशा कंपनीचा.
त्याला नंबर पाहिजे होते. नावं, गावं, जमलं तर जात.
मी इकडंतिकडं पाहिलं.
त्यानं काही पाहिलं नाही, फोन माझ्या कोडसमोर धरला,
आणि टेबलावरचा डबा,
जो कधी खोकत नाही, कधी आवाज खाली करत नाही,
बाईच्या खणखणीत गळ्यानं अख्ख्या बाजाराला बोलला:
पाच हजार रुपये प्राप्त झाले.
मला वाटलं, बैलांनीसुद्धा माना वळवल्या.

दुपारी उकंडराव आले.
"पाय बरं काय मेसेज आला, उनात काई दिसत नाई."
त्यांनी रुमाल काढला,
दोघांच्या डोक्यांवरून फोनवर टाकला.
आत तंबाखूचा वास आणि निळा उजेड.
मेसेजमध्ये त्यांचं नाव होतं, घर नंबर, मतदानाची खोली,
नातवाला बारावीच्या शुभेच्छा.
"याले माह्या नातवाचं नाव कोनं सांगतलं बे?"
मी काचेकडे पाहत राहिलो.
काच चांगली होती, मीच बसवलेली.

त्यांनी त्या काचेवर बोट टेकवलं आणि तसंच ठेवलं,
समोरून कुणी धरील म्हणून.
"इकून मी हाव. तिकून कोनाचा हात हाय?"

मग आतल्या आत माझाच हात धरला.
दोन बोटं आवळली, अंगठा दाबला, पुन्हा मूठ.
काहीतरी विचारत होते.
ती भाषा मी कधी शिकलो नाही, लागलीच नव्हती.
मी मान हलवली.
हो.